चार जागा आणि 'नाही' म्हणणारा कर्नल

इंटेलचा ८०३८६ प्रोसेसर १९८५ साली आला. प्रोग्रॅम कुठे थांबवायचा, किंवा मेमरीतल्या कुठल्या जागेवर पहारा ठेवायचा, हे सांगण्यासाठी त्यात चार अ‍ॅड्रेस ठेवायची सोय होती. त्यानंतर घड्याळ मेगाहर्ट्‌झवरून गिगाहर्ट्‌झवर गेलं, बत्तीस बिटांचे चौसष्ट झाले, एका चिपवर आठ-आठ कोअर बसले. ते चार अ‍ॅड्रेस मात्र चारच राहिले. तुमच्या रूमवरच्या ज्या लॅपटॉपवर रात्री दोनपर्यंत गेम चालतो, त्यातही प्रत्येक कोअरला चारच!

मित्र-मैत्रिणींनो, घाबरू नका. हा 'संगणक : शाप की वरदान' छापाचा निबंध नाही. मराठी विभागात दर वर्षी पाऊस येतो, आई येते, मैत्री येते आणि हॉस्टेलच्या मेसची डाळ येते. येऊ देत. पण आपण चार वर्षं जे शिकतो त्यावर आपल्याच भाषेत कुणी भांडत नाही, याचं मला नवल वाटतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तिथे मराठीचे तास मोजकेच, त्यामुळे 'रजिस्टर'ला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते मला विचारू नका. लॅबमध्ये आपण जे बोलतो तेच इथे लिहिते.

भांडण कशासाठी ते आधीच सांगते. तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण काय करतो? एफ.सी.एफ.एस., राउंड रॉबिन, बँकर्स अल्गोरिदम. सगळं सी मध्ये, सगळं खोटं खोटं. पी-वन, पी-टू नावाच्या प्रोसेस म्हणजे अ‍ॅरेमधले आकडे. जर्नल पूर्ण, सबमिशन पूर्ण, ओरलला सेफ स्टेटची व्याख्या पाठ. खऱ्या कर्नलला हात लावायची वेळ येतच नाही, कारण लॅबच्या मशीनवर आपल्याला रूट नाही. माझं म्हणणं असं की निदान एक प्रॅक्टिकल खऱ्या कर्नलवर व्हावं, आणि ते या चार रजिस्टरांवर व्हावं. का, ते जरा सावकाश सांगते.

साधा ब्रेकपॉईंट कसा चालतो हे बहुतेकांना माहीत असतं, पण उजळणी करू. जी.डी.बी.मध्ये आपण 'ब्रेक मेन' म्हणतो तेव्हा तो त्या जागेवरच्या इन्स्ट्रक्शनचा पहिला बाईट उचलून बाजूला ठेवतो आणि तिथे हेक्समधला सी-सी हा बाईट बसवतो. ही एका बाईटची इन्स्ट्रक्शन, 'इंट थ्री'. प्रोसेसर तिथे पोचला की ट्रॅप होतो, कर्नल आपल्या प्रोसेसला सिग्नल पाठवतो आणि डीबगर जागा होतो. म्हणजे वाटेत खड्डा खणून ठेवायचा आणि कोण पडतंय ते बघायचं. असे खड्डे हवे तितके खणा. पण ते फक्त कोडमध्येच खणता येतात. 'माझं हे व्हेरिएबल कोण बदलतंय?' या प्रश्नाला त्यांचा काहीच उपयोग नाही, कारण कोण बदलतंय तेच माहीत नसतं. मग खड्डा खणायचा कुठे?

इथे हार्डवेअर लागतं. डी.आर. शून्य ते तीन या चार रजिस्टरांत अ‍ॅड्रेस ठेवायचा. डी.आर. सात हे कंट्रोल : कुठला अ‍ॅड्रेस चालू, कुठला बंद, आणि लिहिल्यावर ओरडायचं की लिहिलं-वाचलं काहीही झालं तरी, की तिथलं कोड चाललं तर. लांबी एक, दोन, चार किंवा आठ बाईट. डी.आर. सहा हा पंचनामा : चौघांपैकी कोण पेटलं ते त्यात कळतं. आणि डी.आर. चार-पाच? ती नावापुरती, आमच्या मजल्यावरच्या कायम कुलूप असलेल्या दोन बाथरूमसारखी. हिशोब केला तर पहारा जास्तीत जास्त चार गुणिले आठ, म्हणजे बत्तीस बाईटवर. सोळा जी.बी. मेमरीत बत्तीस बाईट!

पण तो पहारा फुकट असतो, ही खरी गंमत. प्रोसेसर पूर्ण वेगाने चालतो आणि त्या जागेला धक्का लागला तरच थांबतो. हार्डवेअरची मदत नसली तर जी.डी.बी.ला एकेक इन्स्ट्रक्शन चालवून दर वेळी 'बदललं का, बदललं का' असं बघावं लागतं, आणि प्रोग्रॅम शेकडो पटींनी हळू होतो.

आता मुख्य मुद्दा. ही चार रजिस्टरं कुणाची? प्रोसेसरच्या दृष्टीने कुणाचीच नाहीत. जो कर्नलच्या अधिकारात चालतोय तो त्यात लिहू शकतो, बस्स. पण मागणारे अनेक. तुम्ही जी.डी.बी. उघडून 'वॉच' म्हणता तेव्हा तो पीट्रेस या सिस्टिम कॉलमार्फत कर्नलकडे मागतो. 'पर्फ' हे टूल मागतं. कर्नलचा स्वतःचा डीबगर, के.जी.डी.बी., मागतो. कुणी ड्रायव्हर लिहिणारा आपल्या मॉड्यूलसाठी मागतो. लिनक्समध्ये पूर्वी याला एकच असा हिशोबनीस नव्हता. पीट्रेसवाले आपल्या बाजूने रजिस्टरं भरायचे, के.जी.डी.बी. आपल्या बाजूने. एकाने लावलेला पहारा दुसऱ्याने पुसला तरी पहिल्याला पत्ता नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये आलेल्या २.६.३३ या आवृत्तीत हे बदललं. अ‍ॅलन स्टर्न, आय.बी.एम.चे के. प्रसाद आणि फ्रेडरिक वायस्बेकर या तिघांची नावं त्या फाईलच्या डोक्यावर लेखक म्हणून आहेत. त्यांनी कर्नल आणि युजर दोघांसाठी मिळून एकच खिडकी उघडली. ब्रेकपॉईंट हवा? या खिडकीवर या, रांगेत उभे राहा.

खिडकीवरचा माणूस हिशोब कसा करतो ते बघण्यासारखं आहे. ब्रेकपॉईंट दोन जातींचे. एक एखाद्या कोअरला बांधलेला : त्या कोअरवर कुणीही चालो, पहारा चालूच. कर्नलच्या एखाद्या ग्लोबल व्हेरिएबलवर नजर ठेवायची तर हाच हवा, आणि तो प्रत्येक कोअरवर लावावा लागतो, कारण प्रत्येक कोअरची रजिस्टरं वेगळी. दुसरा एखाद्या टास्कला बांधलेला. तो टास्क कोअरवर चढला की त्याचे अ‍ॅड्रेस रजिस्टरात, उतरला की बाहेर. हे आवश्यकच आहे. अ‍ॅड्रेस व्हर्च्युअल असतात; माझ्या प्रोसेसमधल्या एका अ‍ॅड्रेसवर माझा काउंटर असेल, तर तुझ्या प्रोसेसमध्ये त्याच आकड्याच्या अ‍ॅड्रेसवर भलतंच काही असेल. कॉन्टेक्स्ट स्विचच्या वेळी रजिस्टरं बदलली नाहीत तर माझा पहारेकरी तुझ्या घरासमोर उभा राहून आरडाओरडा करेल.

आता समजा, एका प्रोसेसने तीन पहारे लावले आणि ती झोपली. कोअरवर या क्षणी एकही रजिस्टर वापरात नाही, चारही मोकळी. तेवढ्यात तुम्ही येऊन म्हणता, मला सगळ्या कोअरवर दोन हवेत. कर्नल काय म्हणेल?

'नाही' म्हणेल!

कारण तो या क्षणाचा हिशोब करत नाही, सगळ्यात वाईट क्षणाचा करतो. त्या कोअरला बांधलेले पहारे, अधिक त्या कोअरवर येऊ शकणाऱ्या टास्कांपैकी ज्याचे सगळ्यात जास्त आहेत त्याचे पहारे, ही बेरीज चारच्या वर जाता कामा नये. जात असेल तर मागणाऱ्याला तिथल्या तिथे एरर. बेरीज सगळ्या टास्कांची नाही हे लक्षात घ्या. एका कोअरवर एका वेळी एकच टास्क चालतो, म्हणून सगळ्यात मोठा मोजला की पुरे. दहा प्रोसेसनी प्रत्येकी चार लावले तरी चालतात, ते एकमेकांच्या आड येत नाहीत. पण झोपलेल्याची जागा दुसऱ्याला देत नाहीत. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी ती धरलेली असते.

बँकर्स अल्गोरिदम आठवतोय? मॅक्सिमम नीड, सेफ स्टेट? त्याचा हा सख्खा नाही तरी चुलत भाऊ नक्कीच. फरक एवढाच की हा खरा आहे, आत्ता या क्षणी चालतोय, आणि त्याचं कोड हेडरपासून तळापर्यंत एका संध्याकाळी वाचून होतं. ओरलला यावर एक प्रश्न विचारा आणि बघा मजा.

यावर आमच्या विंगमध्ये जोरदार वाद झाला. एका मैत्रिणीचं म्हणणं, झोपलेल्याची जागा धरून ठेवणं हा शुद्ध अन्याय. मोकळी रजिस्टरं पडून आहेत आणि मागणारी दारात उभी. देऊन टाका की! झोपलेली जागी झाल्यावर बघता येईल, फार तर तिचा एक पहारा काढून घेता येईल. कॅशमध्ये तेच करतो, पेजिंगमध्ये तेच करतो. फ्रेम कमी पडल्या की कुणाला तरी बाहेर काढतो, मग इथेच सोवळं कशाला?

वाद म्हणून मुद्दा चांगला आहे, पण मला तो अजिबात पटत नाही. पेज बाहेर काढलं तर प्रोग्रॅम हळू होतो, चुकत नाही. लागेल तेव्हा ते परत आणता येतं. पहारा काढला तर त्या वेळात जे घडून गेलं ते गेलंच, ते परत आणता येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणाला कळतही नाही. तुम्ही रात्रभर बसता, वॉचपॉईंट पेटत नाही, आणि पहाटे चार वाजता निष्कर्ष काढता की 'या व्हेरिएबलला कुणी हात लावलेला नाही'. आणि मग चुकीच्या फाईलमध्ये चुकीचा बग शोधत दोन दिवस जातात. डीबगरने 'जमणार नाही' म्हटलं तर राग येतो, पण आपण दुसरा मार्ग शोधतो. डीबगरने 'हो हो, बघतोय ना' म्हणून डोळे मिटले, तर आपल्याला कुणी वाली नाही. म्हणून सुरुवातीलाच तोंडावर 'नाही' म्हणणारा कर्नल मला आवडतो.

एक तक्रार मात्र आहे. हे 'नाही' ज्या एररने येतं तिचं नाव ई-नो-एस.पी.सी., आणि तिचं छापील भाषांतर म्हणजे 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही'. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण डिस्क साफ करायला धावतो. पिक्चर डिलीट होतात, चार सीझनची सिरीयल जाते, आणि एरर तशीच! जागा म्हणजे ही चार रजिस्टरं, डिस्क नव्हे, हे त्या संदेशात कुठेही लिहिलेलं नाही. नकार देण्यात चूक नाही, पण नकाराचं कारण नीट सांगायला काय जातं?

रजिस्टर मिळालं म्हणजे कर्नलचं काम संपलं असंही नाही. पेटल्यावर डी.आर. सहामधले बिट प्रोसेसर स्वतःहून पुसत नाही, ते कर्नलने पुसायचे, नाहीतर पुढच्या पंचनाम्यात मागचा आरोपी निघतो. कोडवर लावलेला ब्रेकपॉईंट इन्स्ट्रक्शन चालण्याआधी पेटतो. मग परत आल्यावर तीच इन्स्ट्रक्शन, परत तोच ब्रेकपॉईंट, आणि हे अनंत काळ. ते टाळायला फ्लॅग्जमधला रिझ्युम नावाचा बिट लावून परतावं लागतं. डेटावरचा मात्र लिहून झाल्यावर पेटतो. रास्पबेरी पाय तीनमध्ये जो कॉर्टेक्स ए-५३ आहे त्यात उलटं. तिथे डेटाचा पहाराही लिहिण्याआधीच पेटतो, त्यामुळे कर्नलला तो तात्पुरता काढून, एक पाऊल पुढे टाकून, परत लावावा लागतो. तिथे जागाही वेगळ्या, कोडसाठी सहा आणि डेटासाठी चार. ज्यांच्याकडे पाय पडून आहे त्यांनी दोन्हीकडे लावून फरक जरूर बघा.

आता एक खरी गोष्ट. माझ्या पार्टनरने मिनी प्रोजेक्टसाठी एक छोटं कॅरेक्टर डिव्हाइस लिहिलं होतं. आत एक स्ट्रक्चर : सोळा बाईटचं नाव, त्याला लागून काउंट. काउंट मधूनच शून्य व्हायचा. मधूनच म्हणजे अगदी मधूनच. तिने जागोजागी प्रिंट-के घातले, लॉग चाळून चाळून तीन रात्री गेल्या. प्रत्येक प्रिंट-के म्हणत होता की काउंट बदलणाऱ्या सगळ्या ओळी बरोबर आहेत. आणि होत्याच बरोबर! शेवटी आम्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये, तिच्याच मॉड्यूलमध्ये, सगळ्या कोअरवर पहारा लावणारं कर्नलचं फंक्शन बोलावलं. अ‍ॅड्रेस काउंटचा, लांबी चार, जात 'लिहिल्यावर', आणि हँडलरमध्ये फक्त स्टॅक छापायचा. पंधरा-वीस ओळींचं काम. मॉड्यूल चढवलं, तिची टेस्ट स्क्रिप्ट चालवली, आणि काही मिनिटांत स्टॅक समोर. त्यात काउंट बदलणारं फंक्शन नव्हतंच, नाव कॉपी करणारं होतं. नाव बरोबर सोळा अक्षरांचं आलं की लूपनंतरचा शेवटचा शून्य सतराव्या जागी, म्हणजे शेजारच्या काउंटच्या पहिल्या बाईटवर पडत होता. काउंट दोनशे छप्पन्नच्या आतला, त्यामुळे पहिला बाईट शून्य झाला की अख्खा काउंट शून्य. टेस्ट स्क्रिप्टमधल्या नावांपैकी एकच सोळा अक्षरी होतं.

इथे हुशार मंडळी म्हणतील, आता के-असॅन आहे, कर्नलमध्ये २०१५ पासून, चार रजिस्टरांची कुरकुर कशाला? के-असॅन उत्तमच आहे, मीही वापरते. पण तो दोन ऑब्जेक्टच्या मधल्या कुंपणावर लक्ष ठेवतो. एकाच स्ट्रक्चरच्या आत एका खोलीतून शेजारच्या खोलीत पाणी गेलं तर त्याला दिसत नाही. आणि पार्टनरचा बग नेमका तोच होता. उलट बाजूही सांगायला हवी. आमचा हा पहारेकरी प्रोसेसरने केलेलं लिहिणंच बघतो. एखाद्या कार्डाने डी.एम.ए. करून परस्पर मेमरीत लिहिलं तर त्याला गंधही नाही. तीच जागा दुसऱ्या व्हर्च्युअल अ‍ॅड्रेसवरून लिहिली तरी नाही. सर्वज्ञ नाहीये तो. पण जे बघतो ते सोडत नाही.

आता लॅबच्या सरांची बाजू. ती पोकळ नाही हे मला मान्य आहे. रूट दिला की मशीन बिघडणार, आणि निस्तरायला तेच बसणार. आणि डीबग रजिस्टर हा खरंच खेळ नव्हे. मे २०१८ मध्ये सी.व्ही.ई. २०१८-८८९७ या क्रमांकाची भानगड जाहीर झाली ती यातलीच. स्टॅक सेगमेंट बदलणाऱ्या इन्स्ट्रक्शननंतर प्रोसेसर डीबग एक्सेप्शन एका इन्स्ट्रक्शनपुरतं रोखून धरतो, कारण स्टॅक पॉईंटरही बदलायचा असतो आणि मध्येच कुणी अडवू नये. पण ती पुढची इन्स्ट्रक्शनच कर्नलमध्ये शिरणारी असेल तर? मग रोखलेलं एक्सेप्शन कर्नलच्या उंबरठ्यावर, त्याने बूट काढायच्या आधीच, येऊन आदळतं. कर्नलला वाटतं आपल्याच घरातलं आहे, आणि प्रत्यक्षात ते बाहेरच्या युजरने ठरवून पाठवलेलं. विंडोज, मॅक, लिनक्स, फ्री-बी.एस.डी., झेन, सगळीकडे दुरुस्त्या कराव्या लागल्या. काही सिस्टिमवर साध्या युजरला कर्नलचे अधिकार मिळू शकत होते, काहींवर मशीन नुसतं कोसळायचं. प्रोसेसर मॅन्युअलप्रमाणेच वागत होता. मॅन्युअलमधला तो परिच्छेद इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, इतक्या अनुभवी लोकांनी नीट हाताळला नव्हता.

सर हे उदाहरण 'म्हणूनच रूट देत नाही' यासाठी देतील. मी तेच उदाहरण उलट बाजूने देते. जगातल्या बहुतेक मोठ्या कर्नलमध्ये एकाच वेळी एक भोक राहून गेलं, कारण हा भाग फार थोडे लोक वाचतात. आणि फार थोडे लोक वाचतात, कारण कॉलेजात तो कुणी दाखवत नाही. आमच्या पुस्तकात 'डीबगिंग' हा शब्द आहे, त्याखाली दीड पान आहे, आणि त्या दीड पानात एकही रजिस्टर नाही. मशीन बिघडण्याच्या भीतीचा उपाय तर फारच सोपा आहे. व्हर्च्युअल मशीन द्या. क्यू-एम्यूमध्ये एक छोटं लिनक्स, त्यात आम्ही रूट, बाहेर नाही. आत कर्नल पॅनिक झालं तर खिडकी बंद करायची आणि परत उघडायची. सरांना उठून यावंही लागणार नाही. लॅबच्या मशीनना हे झेपतं, आम्ही स्वतः एका जुन्या मशीनवर चालवून बघितलं आहे.

'प्लेसमेंटला हे विचारत नाहीत' असं सीनिअर्स सांगतात. नसतील विचारत. पण 'तुझ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात अवघड बग कुठला आणि तो कसा शोधलास' हे विचारतात म्हणे. तिथे 'प्रिंट घालत गेले, शेवटी सापडला' याच्या पलीकडचं उत्तर ज्याच्याकडे असेल त्याचं बरं.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि हे वाचून काही जण नाक मुरडणार हे मला माहीत आहे. लॅब रात्री अकरापर्यंत उघडी असते. बॉईज हॉस्टेलची मुलं अकरापर्यंत बसतात. लेडीज हॉस्टेलचं गेट नऊला बंद होतं, म्हणून आम्ही पावणेनऊला उठतो. कर्नल कंपाईल व्हायला त्या मशीनवर तास-दीड तास लागतो. प्रॅक्टिकल सुटतं पाचला, चहा-पाणी करून सहाला बसलं, कंपाईल लावलं, ते झालं साडेसातला. एक चूक निघाली की दुसरं कंपाईल नऊच्या पलीकडे. म्हणजे दिवसाला एकच प्रयत्न. मुलांना दोन. हा काही कुणाच्या हुशारीचा फरक नाही, साधी वजाबाकी आहे. वॉर्डन मॅडमची काळजी मी समजू शकते, माझ्या आईचीही तीच आहे. पण लॅब ते हॉस्टेल हे अंतर कॅम्पसच्या आतलं, दिवे असलेलं, चार मिनिटांचं आहे, आणि अकरा वाजता वॉचमनकाका तसेही त्या रस्त्याने राउंड मारतात. त्यांच्यासोबत सगळ्या मुली एकदम परत येतील, रजिस्टरमध्ये सही करून. (हे रजिस्टर वहीचं, प्रोसेसरचं नव्हे.)

मागणी काही डोंगराएवढी नाही. जर्नलमधल्या दहा प्रॅक्टिकलपैकी एकाच्या जागी हे घ्यावं. शॉर्टेस्ट जॉब फर्स्ट दोनदा येतो, प्रीएम्प्टिव्ह आणि नॉन-प्रीएम्प्टिव्ह; त्यातला एक गेला तर कुणी रडणार नाही. विद्यार्थ्यांना करायला काय द्यायचं, तेही आम्ही लिहून ठेवलंय. एका ग्लोबल व्हेरिएबलवर पहारा लावा, कोण लिहितंय ते छापा. मग जी.डी.बी.मधून एका प्रोसेसला तीन वॉचपॉईंट लावून तिला झोपवा, आणि सगळ्या कोअरवर दोन मागून बघा. मिळालेली एरर जर्नलमध्ये उतरवा आणि ती का आली ते बेरीज मांडून सांगा. दोन तासांत आरामात होतं. कर्नलच्या सोर्समध्ये सॅम्पल्सच्या फोल्डरमध्ये याचा एक तयार नमुना आहेच, सुरुवात त्यावरून करता येते.

एच.ओ.डी. सरांच्या नावे अर्ज लिहिला आहे, त्यात प्रॅक्टिकलचं आणि वेळेचं असे दोन्ही मुद्दे आहेत. पटत असेल तर सही करा, लायब्ररीत पेपर स्टँडशेजारच्या टेबलावर ठेवलाय. वेळेचा मुद्दा पटत नसेल तर फक्त पहिल्या मुद्द्यापुढे करा, तशी वेगळी रकाना ठेवली आहे. व्हर्च्युअल मशीनची इमेज साधारण चार जी.बी.ची झाली आहे. हॉस्टेलच्या वाय-फायवर ती डाउनलोड करायचा विचारही करू नका, पेनड्राईव्ह घेऊन लॅबमध्ये या. पावणेनऊच्या आत.